शेंदाडाची सोयरीक

दिवाळीनंतर वैनगंगेचं पाणी उतरायला लागलं की आमच्या गावाला जमीन मिळायची. नदीतली वाळू, जी कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. पावसाळाभर आमची माणसं नदीत आणि तलावात मासे धरायची, आणि पाणी उतरलं की त्याच पात्रात वाड्या लावायची. डांगर, टरबूज, काकडी. डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. हे सांगावं लागतं, कारण पुण्याकडे दिलेल्या माझ्या मैत्रिणीने तिथल्या बाजारात डांगर मागितलं तेव्हा तिच्या पिशवीत लाल भोपळा पडला होता.

वाळूत लांब नाल्या खणायच्या, तळाशी शेणखत घालायचं, बी टोचायचं, वाऱ्याच्या बाजूला गवताचा कूड उभा करायचा. कडेला झोपडी. मार्चपासून फळं निघायची आणि बैलगाडीने हायवेवर, शहापूरला जायची. तिथे ट्रकवाले थांबत. आमच्या बाच्या डांगराला ते आधी वास घेत आणि मग भाव विचारत.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. दादाचं लग्न झालं आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या वाडीवर मर आली. सकाळी टवटवीत असलेला वेल दुपारी पानं खाली टाकायचा. संध्याकाळी पुन्हा थोडा उभारी धरायचा, म्हणून आपण पाणी घालायचो. दोन-तीन दिवसांत वाळून काडी. फळं तेव्हा मुठीएवढी झालेली असत. बा वाळलेला वेल हातात धरून नुसता बसायचा.

"दरसाली वाळू नवी येते," तो म्हणायचा. "मंग रोग जुना कसा येते?"

नव्या नवरीच्या पायगुणाची गोष्ट शेजारच्या एका म्हातारीने काढली होती. बाने तिला तिथल्या तिथे गप्प केलं. तेवढ्यापुरतं.

वहिनी आंबागडची. किल्ल्याच्या पायथ्याचं गाव, भोवती जंगल. तिच्या बापाकडे गावच्या तळ्यातली मासेमारी होती आणि उन्हाळ्यात सगळं घर तेंदूपत्ता तोडायला जायचं. ती माझ्याहून वर्षाने मोठी असेल. इतकी रुंद वाळू तिने कधी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी चप्पल हातात घेऊन ती पात्राच्या मध्यापर्यंत चालत गेली आणि तिथून मला ओरडून म्हणाली, "बाई, हे तर आभाळच खाली पडलं!" मी धाकटी नणंद, तरी ती मला बाईच म्हणायची. पुढे कितीही भांडलो तरी तेच.

त्या वर्षी मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते. आमच्या घरातली पहिलीच. दादा सायकलवर मागे बसवून मला हायवेपर्यंत सोडायचा. वनस्पतीशास्त्राचे सर नागपूरकडचे होते, वर्गात शिंकत शिंकत शिकवायचे, पण विषयात जीव होता. मी त्यांना बाचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "वाळू नवी असते, पण तुम्ही बी जुनं टाकता आणि शेणखतही. रोग त्यांच्यासोबत येतो." मग फळ्यावर ऊस काढला आणि शेजारी काश. नदीकाठी पांढरे तुरे डुलतात ते काश. "गोड उसाचा या रानटी गवताशी संकर केला, म्हणून ऊस रोगाला पुरून उरला. आपण हजारो वर्षं गोडीच निवडत आलो, आणि ते करताना ताकद हातातून निसटली. ती रानातल्या भावंडांकडे अजून शाबूत आहे. तुमच्या डांगराचं रानातलं भावंड कोण?"

मला ठाऊक होतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काट्याकुट्यात आपोआप उगवणारं शेंदाड. अंड्याएवढं, हिरव्या पट्ट्यांचं, कच्चं चाखलं तर दिवसभर तोंड कडू. त्याला कुणी पाणी घालत नाही आणि ते मरत नाही.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माय चुलीजवळ होती. ती म्हणाली, "डांगराले शेंदाड लावतं? पायसात बोंबील टाकशील उद्या." बा हसला. दादा मात्र म्हणाला, "मर येते तो कोपरा तसाबी वायाच जाते. देऊन टाकू तिले तो." दादा तसाच होता. कुणी मागितलं की द्यायचा.

वहिनी तेव्हा भांडी घासत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आमच्याकडं शेंदाड चिरून, वाळवून काचऱ्या करते. बी आहे माह्या मायेकडं. सांगावा धाडू का?"

अशी आम्हा दोघींची सोयरीक जुळवण्याची हौस सुरू झाली.

काम सांगायला सोपं आहे. डांगराच्या फळधरीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. उद्या उमलणारी कळी आज दिवस मावळायच्या आत हेरायची, पाकळ्या हलकेच फाकवून आतले परागाचे कोश चिमट्याने काढून टाकायचे, कळीवर कागदाची पिशवी बांधायची. सकाळी ऊन चढायच्या आत शेंदाडाचं नरफूल तोडून आणायचं आणि त्याचा पराग त्या फुलाला लावायचा. पुन्हा पिशवी, आणि देठाला लाल दोरा. नाहीतर मधमाशी कुठला पराग आणून टाकेल सांगता येत नाही.

माझ्या हातून कळ्या मोडायच्या. वहिनीने लहानपणापासून बिड्या वळल्या होत्या. तिची बोटं तेंदूच्या पानाची कड आत दुमडता दुमडता अशी झाली होती की कळीला कळायचंही नाही कुणी हात लावला. मी सांगायची, ती करायची, आणि दादा सातूच्या पिठाची खळ लावून वर्तमानपत्राच्या पिशव्या करून द्यायचा. तो झोपडीच्या सावलीत बसून पिशव्या चिकटवायचा आणि चिकटवता चिकटवता त्यावरच्या जुन्या बातम्या आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा. कुठे पूल वाहून गेला, कुठे मंत्री आला. वहिनी हसायची. आमच्या घरात नवरा-बायकोने सगळ्यांसमोर बोलायची रीत नव्हती, पण वाळूवर ते दोघं बोलायचे.

दोरा बांधलेल्या फुलांपैकी बहुतेक गळाली. जी थोडी फळं धरली ती दिसायला, चवीला डांगरच होती, कारण फळ आईचं असतं. नवीन असतं ते आतलं बी. बाला हे पटवायला मला फार त्रास पडला. "मंग केलं काय तुम्ही?" तो विचारायचा.

पुढच्या वर्षी ते बी मर येणाऱ्या कोपऱ्यातच लावलं. शेजारचे डांगराचे वेल एकामागून एक बसले आणि आमचे वेल त्यांच्या अंगावरून पसरत गेले. गाव बघायला आलं. मग फळं पिकली. लिंबाहून थोडी मोठी. बाने एक फोड तोंडात घातली आणि थुंकून टाकली.

"डांगर होय का कारलं?"

वहिनी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "पहिल्या साली नवरी माहेरच्याच चालीनं चालते जी. सासरचं वळण मंग येते."

बा इतका हसला की त्याला ठसका लागला. माय पण हसली. तो दिवस मला फार आठवतो, कारण त्या दिवशी घरात सगळे तिच्यावर खूश होते.

सरांनी पुढची वाट सांगितली होती. या वेलीच्या फुलांना पुन्हा डांगराचा पराग द्यायचा. त्यातून येणाऱ्या पोरांत रानाचा अंश निम्मा होतो. मग त्यांना मर येणाऱ्या कोपऱ्यातच वाढवायचं, मरतील ती मरू द्यायची, जगतील त्यांतून कमी कडू ती निवडायची, आणि त्यांना पुन्हा डांगर. दर पिढीला गोडी थोडी आत येते, कडूपणा थोडा बाहेर जातो, आणि रोग सोसण्याचा गुण मात्र निसटू द्यायचा नाही. वाळूत वर्षाला एकच पीक. म्हणजे एका पिढीला एक वर्ष. मी घाई करायची, वहिनी नाही. "पोरगी रानाची," ती म्हणायची, "पन दरसाली डांगराच्याच घरी देत राहू. कवातरी गोड होईलच."

वर्षं अशी जात होती आणि तिची कूस उजवत नव्हती.

हे मी एका वाक्यात लिहिलं, पण घरात ते रोज थोडं थोडं होत होतं. आधी मायने नुसतं विचारलं. मग उपास सुरू झाले. मग भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिला घेऊन गेले. बाई म्हणाल्या, हिच्यात काही दिसत नाही, नवऱ्यालाही तपासायला आणा. मी घरी तसं सांगितलं. माय म्हणाली, "त्याले काय झालं तपासाले?" आणि विषय संपला. दादा तिथेच होता. तो उठून जाळं विणायला बाहेर गेला.

माय वाईट नव्हती. तिने स्वतः तीन लेकरं मातीत ठेवली होती आणि आम्ही दोघंच उरलो होतो. तिच्या मनात कसली भीती होती ते मला आता कळतं. पण तेव्हा तिच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द वहिनीला लागायचा आणि मी बघत असायची.

एका सकाळी वाडीवर आम्ही फुलांना पराग लावत होतो. शेजारच्या वाडीतली एक बाई पाण्याचे डबे घेऊन जाता जाता थांबली. कौतुकाच्या आवाजात म्हणाली, "काय बाप्पा हात आहे हिचा! वेलीले फळ धरवते. घरी मात्र..." आणि हसून पुढे गेली.

वहिनीच्या हातात शेंदाडाचं फूल नव्हतं, डांगराचं होतं, हे मला का आठवावं कोण जाणे. तिने ते खाली ठेवलं. झोपडीत जाऊन बसली. मी मागे गेले तर म्हणाली, "बाई, ऊन चढून राहिलं. तुम्ही लावा बाकीचे." माझ्या हाताने त्या दिवशी पिशव्या फाटल्या. दुसऱ्या सकाळी ती माझ्या आधी वाळूवर होती.

मी बी.एस्सी. झाले, शाळेत नोकरी लागली, शाळा जवळच होती म्हणून घरीच राहत होते. माझी स्थळं बघणं सुरू होतं आणि मी ती नाकारत होते. त्याच सुमारास आम्हाला एक वेल मिळाली. मर तिच्या दोन्ही बाजूंच्या बहिणी घेऊन गेली, ती राहिली. फळ चांगल्या नारळाएवढं, साल जाळीदार. कापलं तर वास डांगराचा. चव फिकी, पण कडू नाही. वहिनीने फोड दातांत धरून डोळे मिटले आणि म्हणाली, "आलं. एक पिढी अजून. एकच."

त्या उन्हाळ्यातच सानगडीहून पाहुणे आले. बाच्या मावसभावाने जुळवलं होतं. मुलगी अठरा वर्षांची, घर मासे धरणारं, गरीब. मुलीला सवतीवर द्यायला तयार.

मी मायशी भांडले. जेवले नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळ्या पाहुण्यांसमोर बोलले. मावसकाका म्हणाले, "शिकलेल्या पोरीचं तोंड असंच चालते." बा मान खाली घालून बसला होता. दादा म्हणाला, पहिली बायको घरातच राहील, तिला कुणी काही बोलणार नाही, असं कबूल असेल तरच. सगळे लगेच हो म्हणाले. त्याला वाटलं, त्याने तिच्यासाठी काहीतरी मिळवलं.

तिला सांगायला तो वाळूवर एकटाच गेला. मी मागून गेले आणि कुडाच्या अलीकडे थांबले. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"तुमची मर्जी आहे का?"

तो म्हणाला, "माझी काय मर्जी? सगळे म्हनतात."

"मी सगळ्याईले नाई इचारत. तुमाले इचारून राहिली."

तो मग म्हणाला, "लेकरू पाहिजेच वाटते ना गं."

"मंग करा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर तिने उरलेल्या पिशव्या गोळा करून झोपडीत ठेवल्या.

लग्न झालं. नवीन नवरी इतकी घाबरलेली होती की तिचा राग करायला मी कितीदा बसले आणि मला जमलं नाही. ती वहिनीला ताई म्हणायची, तिच्या मागे मागे फिरायची. वहिनीने तिला भात शिजवायला, जाळं सांधायला शिकवलं. एकदा तिला ताप आला तेव्हा वहिनीच उशाशी बसून होती. पण त्या हिवाळ्यात वाड्या लागल्या तशी ती वाळूवरच राहायला गेली. घरी फक्त पीठ-मीठ न्यायला यायची. माझी शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची. आम्ही कळ्या हेरायचो. पिशव्या आता मी करायची. दादा वाळूवर येईनासा झाला होता.

फेब्रुवारीत नवीन वहिनीचा सातवा महिना सरत आला. माय आनंदात होती. ओटी भरायला गावातल्या बायका बोलावल्या. वहिनी न्हाऊन, लाल लुगडं नेसून वाळूवरून आली. तिच्याकडे नारळ होता, तो तिने स्वतः आणला होता. ती पाटाजवळ गेली तशी एक म्हातारी मध्ये आली. "तू नको भरू. बाजूले बस." माय ताटातले तांदूळ सारखे करत राहिली. पाटावरची पोरगी रडायला लागली, "ताईनंच भरावी," म्हणाली. तिला बायकांनी गप्प केलं. मी वहिनीचा हात धरला आणि ओढून पुढे नेत होते, तर तिनेच हात सोडवला.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "तिच्या पोटात लेकरू आहे. आज भांडन नको."

तिने नारळ तुळशीपाशी ठेवला आणि वाळूकडे चालती झाली.

पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ आंबागडहून आला. तिनेच निरोप धाडला होता. मी शाळेतून आले तेव्हा ती गठुडं बांधून तयार होती. आमच्याकडे बायकाही "येतो, जातो"च म्हणतात. ती म्हणाली, "जातो, बाई." मी म्हणाले, दोरा बांधलेली फळं अजून पिकली नाहीत, तेवढं तरी थांब. तिने मला कोणत्या वेलीवर जास्त लक्ष ठेवायचं ते सांगितलं, खाली गवत घालायला सांगितलं, कोल्ह्यापासून जपायला सांगितलं. दादा सायकल घेऊन उभा होता, हायवेपर्यंत सोडायला. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली आणि भावासोबत पायीच गेली.

फळं चैत्रात पिकली.

देठ आपोआप सुटला की डांगर पिकलं समजायचं. मी ते उचललं तेव्हा वासानेच मला कळलं. झोपडीत एकटीच बसून कापलं. गर केशरी, कडेला हिरवी रेघ. इतकं गोड की मी घाबरले. वेल अजून हिरवी उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना मर लागून गेलेली जागा. इतक्या वर्षांनी आमच्या हाती आलं होतं, आणि झोपडीत तिची फणी, तिचं एक लुगडं, बिड्या वळायचं सूप एवढंच होतं. मी पहिल्या फोडीनंतर खाऊ शकले नाही. रडणं मला सोपं जात नाही, पण त्या दिवशी मी जोराने रडले, पलीकडच्या वाडीतली माणसं बघायला आली इतक्या जोराने.

दोन फळं घेऊन मी आंबागडला गेले. तुमसरला बस बदलली. ती भावाच्या ओसरीत बिड्या वळत बसली होती. वाळली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, आणि पिशवीतल्या वासाने तिचा चेहरा बदलला.

"मर?"

"नाही लागली."

तिने फळ कापलं. आधी बिया काढून पाण्यात टाकल्या, मग फोडी केल्या, भावाच्या लेकरांना वाटल्या, आणि शेवटची स्वतः खाल्ली. लेकरं बोटं चाटत होती. ती कितीतरी वेळ साल हातात धरून होती.

"गोड झालं ना, बाई," ती म्हणाली.

"तू केलंस."

"दोघींनी केलं." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "काय झालं तिले?"

"मुलगी. पंधरा दिवस झाले."

"कोनासारखी आहे?"

खोटं बोलता आलं नाही. "दादासारखी."

ती हसली. खरंच हसली, मग तिचा ओठ वाकडा झाला आणि तिने तोंड पदरात घातलं. मी तिला घरी चल म्हणाले. मी वेगळं बिऱ्हाड करते, माझ्याकडे राहा म्हणाले. ती म्हणाली, "तुमचं लगन व्हाचं आहे. मले घेऊन कुठं फिरता?"

मी परत आले आणि दादाला सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो आंबागडला गेला. लेक झाल्यावर तो पहिल्यांदाच गावाबाहेर पडला होता. सांजच्या बसने एकटाच परतला. मी विचारलं, काय म्हणाली?

"चाय देल्ली," तो म्हणाला. "इचारलं, पोरगी दूध पेते का. मंग म्हने, तुमची बस चुकंल."

एवढंच सांगून तो नदीवर गेला. मी त्याच्यावर रागावले होते. त्याच्याकडे बघून तो राग कुठे ठेवावा कळेना.

ते डांगर चार-पाच हंगाम गाजलं. शहापूरच्या ट्रकवाल्यांनी नाव पाडलं, गावातल्या सगळ्या वाड्यांत त्याचं बी गेलं, बाला लोक मान द्यायला लागले. सरांनी येऊन बघितलं, पाठ थोपटली. तिच्या हाताने झालं, हे मी प्रत्येकाला सांगायची. लोक हो हो म्हणायचे. भाचीला मी मांडीवर घेऊन ते डांगर भरवलं. तिच्यावर माझा जीव होता, आजही आहे, आणि तिच्या गालावर रस ओघळताना मला वहिनी आठवायची, म्हणून कधी कधी मी तिला खाली ठेवून द्यायची.

मग माझं लग्न झालं, साकोलीकडे बदली झाली. एक गोष्ट मी घरी सांगून गेले होते: बियाण्यासाठी ठेवायच्या फळांच्या फुलांवर पिशवी बांधा, पराग हातानेच द्या. डांगर वाटेल त्या डांगराशी, धुऱ्यावरच्या शेंदाडाशी जुळतं. ज्या मोकळेपणामुळे आम्हाला हे साधलं, त्यामुळेच ते टिकत नाही. कुणी पिशव्या बांधल्या नाहीत. नवीन वहिनीला तीन लेकरं, बा थकलेला, दादाला त्या कोपऱ्यात जाववत नव्हतं. मधमाश्यांनी त्यांचं काम केलं. एका वर्षी फळं फिकी निघाली, पुढच्या वर्षी काही कडू, त्यानंतर मर परत आली. तोवर बाजारात शहरातून बियांची पाकिटं येऊ लागली होती. लोकांनी ती घेतली. त्यांना कोण दोष देईल?

वहिनी वारली ते मला उशिरा कळलं. त्या पावसाळ्यात आंबागडच्या बाजूला हिवतापाची साथ होती. ती धान रोवायला मजुरीने जात होती, ताप अंगावर काढला, तुमसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तेरवी होऊन गेल्यावर तिच्या भावाने आमच्या गावी निरोप दिला आणि गावाहून मला.

मी घरी गेले तेव्हा दादा ओसरीवर बसला होता. त्याने डोकं भादरलं होतं. त्याचा तसा हक्क होता, पण त्याला कुणी बोलावलं नव्हतं. माय दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी तिले कधी हाकललं नाई." माय पुन्हा तेच म्हणाली, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. नवीन वहिनी आत चुलीपाशी मोठ्याने रडत होती. घरात आवाज करून रडणारी ती एकटीच होती.

दोन दिवसांनी मी आंबागडला गेले. तिच्या भावजयीने मला ती रोवणीला जायची ती धानाची शेतं दाखवली. म्हणाली, शेवटी तापात काही बोलत होत्या, आम्हाला समजलं नाही. मी विचारलं, नाव घेत होती का कुणाचं? तिने आठवायचा प्रयत्न केला. नाही म्हणाली, सारखं पाणी मागत होत्या, आणि पाजलं तर म्हणायच्या, मले नाही, त्याईले घाला. पाणी माणसाला पाजतात; घालतात ते वेलांना.

पाऊस लागून होता. किल्ल्याचा डोंगर ढगात गेला होता. मी स्टँडवर टपरीच्या आडोशाला उभी राहिले आणि तुमसरची बस आली तशी बसले.